डबा धरून उभा

...आणि 'पडला' म्हणजे काय, हे नीट सांगायला नको? फोनवर बातमी देताना माणसाने शब्द जरा बघून वापरावा की नाही? तुम्हाला सांगतो, मंगळवार होता, सकाळचे पावणेबारा, आणि मी एका आठ मजली इमारतीत तिसऱ्या न् चौथ्या मजल्याच्या मध्ये, लिफ्टच्या डोक्यावर. आत नाही हां, टपावर! आम्ही लिफ्ट दुरुस्त करणारे. तुम्ही आत आरशात बघून भांग पाडता ना, तेव्हा आम्ही तुमच्या डोक्यावर ग्रीस फासत बसलेलो असतो. तर एका हातात दोर, दुसऱ्या हातात पान्हा, तोंडात शेवटची वडी, आणि फोन वाजतो. कसाबसा खांद्यात धरला. आमच्या ऑफिसातले साहेब. "अरे, तुझा दादा पडला."

आता आमच्या धंद्यात 'पडला' याला एकच अर्थ. दादा माझा थोरला भाऊ, माझ्याच कंपनीत, माझ्याच कामावर, त्या दिवशी दोन गल्ल्या पलीकडच्या इमारतीत. मी घास गालात सरकवला आणि विचारलं, "कितव्यावरून?"

"कितव्यावरून नाही रे, जमिनीवर!"

"अहो, माणूस पडून पडून जमिनीवरच पडणार, पण कुठून?"

"कुठूनच नाही! उभा होता, पडला!"

उभा होता, पडला! सव्वीस वर्षं हा माणूस बारा-बारा मजल्यांच्या लिफ्टच्या विहिरीत लटकला, नखाला कधी ओरखडा नाही, आणि गेला तो तळमजल्याच्या फरशीवर, बटण दाबून लिफ्टची वाट बघताना... लिफ्ट आली, दार उघडलं, आत जायला हा नाही. आणि मी खाली उतरेपर्यंत, खरं सांगतो, गालातला तो घास तसाच. गिळवेना आणि थुंकवेना. कारण तो घास त्याचाच होता. त्याच्या डब्यातला!

थांबा, थांबा, डब्याचं आधी सांगतो, नाहीतर पुढची सगळी मारामारी तुम्हाला उगाच वाटेल.

वहिनी माझी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला. तिथे त्यांचा एकच वैरी, ओल. गोळीला ओल लागली की गोळी मेली. हीच विद्या तिने घरात आणली. दादाला कामावर फ्रिज कुठला? आमची मशीनची खोली गच्चीवर, पत्र्याखाली, दुपारी तिथे पान्हा धरला तर हात भाजतो. तिथे ओलं काही ठेवलं की संध्याकाळी झाकणच आपोआप वर येतं. म्हणून वहिनीचे चार नियम. ओलं नको, चिकट नको, एका हाताने खाता आलं पाहिजे, कारण दुसऱ्या हातात दोर, आणि दहा तास टिकलं पाहिजे. भाजलेले शेंगदाणे, भाजलेले चणे, कडक शेकलेला पाव, सुकवलेल्या गाजराच्या चकत्या. सफरचंद, पण अख्खं, कापलेलं नाही. उकडलेलं अंडं सालासकट, तेही सकाळच्या पहिल्या सुट्टीतच संपवायचं. आणि मुख्य म्हणजे वडी. ओट्स, खजूर, तीळ, दाणे कुटून, थापून, भाजून केलेली. आम्ही तिला वीट म्हणायचो. एकदा माझ्या हातून सहाव्या मजल्यावरून सुटली, खाली साहेबांच्या हेल्मेटवर बसली. हेल्मेटला पोचा आला. वडीला? काहीही नाही!

आणि डब्यावर लेबल. बॅच नंबर, केल्याची तारीख, संपवण्याची वेळ. आत कोपऱ्यात ती ओल शोषणारी पांढरी पुडी, 'खाऊ नका' असं छापलेली. दादा म्हणायचा, "छापलंय ते बरोबर आहे, फक्त झाकणावर छापायला पाहिजे होतं."

तो खायचाच नाही हो! अकरा वर्षं. पहिल्या आठवड्यातच मला म्हणाला, "मला दात दिलेत देवाने, छिन्न्या नाही दिल्या." मी एकटा जीव, भाड्याच्या खोलीत राहणारा, माझा डबा करणार कोण? मी ऑफिससमोरच्या कढईवाल्याकडून तळलेल्या बटाट्यांची पुडी घ्यायचो. दादाने पुडीकडे बघितलं, मी डब्याकडे बघितलं. झालं! त्या दिवसापासून अदलाबदल. सकाळी हत्यारं घेताना पुडी त्याच्याकडे, डबा माझ्याकडे. संध्याकाळी रिकामा डबा त्याच्याकडे. पुढे तर त्याला एक पुडी पुरेना, मी दोन घ्यायला लागलो. मीच घ्यायचो, तो गाडीकडे फिरकायचासुद्धा नाही. कुणी वहिनीच्या कानावर घातलं तर?

आणि वहिनी मला काय म्हणायची माहितीये? "भाऊजी, तुमच्यासाठी पण करून देते की डबा." मी म्हणायचो, "नको वहिनी, मी आपला बाहेरच खातो." ती दादाला सांगायची, "मरतील हो तुमचे भाऊ एक दिवस, तळकट खाऊन खाऊन!"

आता दवाखान्यात या. डॉक्टर तरुण, बिचारा सौम्य. कागद चाळत म्हणाला, "रक्तवाहिन्या पार चोंदलेल्या होत्या. तळलेलं फार असायचं का खाण्यात?"

खाडकन! तुम्हाला सांगतो, मी आवाज ऐकला आधी आणि वहिनीचा हात बघितला नंतर. डॉक्टरचा चष्मा एकीकडे, डॉक्टर दुसरीकडे, मागची लोखंडी खुर्ची आडवी. दुसरी बसली ती पर्सची, पट्ट्याला धरून फिरवलेली, कानशिलावर! "तळलेलं? माझ्या नवऱ्याच्या पोटात? अकरा वर्षं बॅच नंबर घालून डबा देते मी! भाऊजी, काढा डबा! दाखवा यांना!" दोन वॉर्डबॉय तिच्या दंडाला लोंबकळतायत, ती त्यांना घेऊन पुढे येतेय, आणि मी बॅगेतून डबा काढतो. रिकामा, चाटूनपुसून लख्ख. "बघा! दाणा तरी उरलाय का? शेवटच्या दिवशीसुद्धा जेवून गेलाय माझा माणूस!" डबा माझ्या बॅगेत कसा, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. त्याचं सामान माझ्याकडे दिलं असेल, असं वाटलं असणार. वाटू दिलं. डॉक्टर गाल धरून कोपऱ्यात, नर्सने शिट्टी मारल्यासारखी किंकाळी फोडलेली... आणि मी? मी डबा धरून उभा!

तुम्ही म्हणाल, तेव्हाच सांगायचं होतं. कधी? डॉक्टरला दुसरी बसायच्या आधी की नंतर?

बरं, डॉक्टरने पोलीस बोलावले नाहीत, मोठ्या मनाचा माणूस. पण बोलून बसला ना तो! वहिनीच्या डोक्यात किडा गेला. कुणीतरी चोरून खायला घातलं. डबा खायचा तो खायचाच, पण वरून कुणीतरी कोंबलं. कोण?

आठवड्याने ती ऑफिसात. मला म्हणाली, "डबा घ्या बरोबर, पुरावा आहे." साहेब उठून उभे राहिले, खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि शोकसभेतल्यासारखा आवाज काढून म्हणाले, "ताई, फार गुणी माणूस. कधी नाही म्हणायचा नाही. मीटिंगमध्ये समोर आलेली प्लेट कधी परत केली—"

"कसली प्लेट?"

आता या माणसाने बिस्किटं म्हणावं ना! म्हणाला, "असंच... गरमागरम काहीतरी."

टेबलावर कागदाला भोकं पाडायचं यंत्र होतं, सरकारी वजनाचं. ते सुटलं ते थेट साहेबांच्या कपाळावर. दोन भोकं नाही पडली, पण टेंगूळ आलं ते लिंबाएवढं. मग फायली. मग स्टेपलर. साहेब टेबलाखाली, वहिनी टेबलावर गुडघा टेकून वरून पट्टीने हाणतेय, "गरमागरम? गरमागरम?" असं प्रत्येक फटक्याला विचारतेय. हिशेब ठेवणाऱ्या बाई दारात येऊन बघून परत गेल्या, शांतपणे दार लावून घेतलं. टेबलाखालून साहेबांचं तोंड माझ्याकडे. "अरे, सांग ना हिला! तुला तर सगळं माहितीये!"

सगळं माहितीये! म्हणजे साहेबांना म्हणायचं होतं, मीटिंगा वर्षातून दोनदाच होतात. पण मला ऐकू आलं ते पुड्यांचं... आणि मी? मी डबा धरून उभा!

घरी येताना तिच्या मनगटातून रक्त येत होतं, स्टेपलर तिलाच लागला होता. मी रुमाल बांधायला गेलो तर म्हणाली, "भाऊजी, हे साहेब नव्हेत. यांच्यात तेवढी हिंमत नाही. हा रोजचा कुणीतरी आहे."

आणि मग तिला कागद सापडला.

दवाखान्याने कपड्यांची पिशवी दिली होती, ती तिने दोन आठवडे उघडली नव्हती. उघडली, तर पँटच्या मागच्या खिशात तेलाने पारदर्शक झालेला कागद. कढईवाला बटाटे बांधतो ते जवळच्या शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिकांत. त्यावर कुणा पोराची भूमिती, लाल शाईत दहापैकी तीन, खाली बाईंचा शेरा, 'असत्य विधान, सिद्धता कुठे आहे?' वहिनीने तो माझ्या नाकापुढे धरला. "असल्या कागदात पुड्या कोण बांधतं?"

मी म्हणालो, "कुणीही बांधत असेल." ती माझ्याकडे बघत राहिली. "भाऊजी, तुम्ही अकरा वर्षं बाहेर खाताय. तुम्हाला माहीत नाही?"

काय सांगू? नेलं तिला.

तिने त्या सकाळीसुद्धा डबा केला होता, तुम्हाला सांगतो. सवय. चार वाजता उठते, थापते, भाजते, लेबल लावते, आणि मग आठवतं तिला. तो भरलेला डबा माझ्या हातात, ती पुढे, मी मागे. गाडीपुढे गिऱ्हाईक उभं, कढई उकळतेय. तिने कागद दाखवला. "हा तुझा?"

कढईवाला म्हणजे बसक्या बांध्याचा, घामट, कुणाच्या अध्यात नाही न् मध्यात नाही. "माझाच. का? मीठ हवंय?"

तिने त्याच्याच हातातला झारा हिसकला आणि त्याच्याच डोक्यात घातला! गरम झारा हो! तो ओरडला, त्याने परातीची ढाल केली, ती परातीवर हाणतेय, ठाण्ण, ठाण्ण, देवळात घंटा बडवावी तशी. गिऱ्हाईक पळालं. बटाट्यांचं पातेलं रस्त्यावर. गाडी कलली, तेल उडालं, शेगडीत गेलं, भडका उठला तो गाडीच्या छतापर्यंत, त्याच्या भुवया गेल्या, वहिनीच्या बाहीला आग, तिने ती उरलेल्या हाताने थोपटून विझवली आणि त्याच हाताने त्याच्या तोंडात भडकावली! "किती दिलंस? किती वर्षं दिलंस? बायकापोरं नाहीत तुला?" त्याने शेवटी तिचं मनगट धरलं, तेच, जखमेचं. आणि ओरडला, "अहो बाई, वेड लागलंय का? तुमच्या नवऱ्याला मी कधी बघितलंसुद्धा नाही! पुड्या न्यायचा तो हा—"

आणि त्याचं बोट उठलं. माझ्याकडे.

या वेळी मी उभा राहिलो नाही. फिरवला डबा. भरलेला, आत बारा विटा. कोपरा थेट त्याच्या तोंडावर बसला. समोरचा दात उडाला आणि कढईत जे उरलं होतं तेल, त्यात पडला. चुर्र. दात तळताना अगदी बटाट्यासारखाच आवाज येतो, कुणाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. तो खाली बसला, मी वर. आणखी दोन ठोसे मारले. त्या दोन्हींची काही गरज नव्हती.

वहिनीने मला ओढून बाजूला केलं. धापा टाकत होती, बाही जळालेली, केस तेलाने चिकटलेले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आज भाऊ शोभलात." आणि डबा उघडून बघितला. विटा शाबूत. "उद्यापासून हा डबा तुमचा. नाही म्हणायचं नाही. तुम्ही तरी जगा."

म्हणजे बघा! अकरा वर्षं जो डबा चोरून खाल्ला तोच आता मानाने माझ्या हातात. लेबलासकट! सकाळी दारात येते, डबा देते, आणि मी? मी डबा धरून उभा!

तीन दिवसांनी कढईवाला मी काम करत होतो त्या इमारतीत आला. तोंड भोपळ्याएवढं, भुवया नाहीत, पुढचा दात नाही म्हणून बोलताना वारा जातो. पोलिसांत गेला नव्हता. लिफ्टच्या दारातून वर बघत म्हणाला, "खाली ये." मी म्हणालो, "मारायचं असेल तर मार." म्हणाला, "मारायला नाही आलो. थांग तिला."

"काय?"

"थांग! खरं काय ते थांग! अख्खी गल्ली मला खुनी म्हणते. माझी आई मला विचारते, काय रे, माणूथ मारलाथ? रविवारी मी येतो तुझ्याबरोबर. तू थांगितलं नाहीथ तर मी थांगतो."

हसू नका. मी हसलो होतो, तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

रविवारी सकाळी आम्ही दोघं तिच्या दारात. मी पाठ करून गेलो होतो. 'वहिनी, डबा दादा खात नव्हता. मी खात होतो. पुडी मी आणायचो.' तीन वाक्यं. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला सोडवायला याहून जास्त बोलावं लागतं.

तिने दार उघडलं. हातात लोखंडी उलथनं, वडी थापायचं. कढईवाल्याला बघून उलथनं घट्ट धरलं, पण आत घेतलं. ओट्यावर एक जाड वही उघडी होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "बरं झालं आलात. नवी बॅच करतेय, वही बघूनच करते मी. बसा."

वही? मला वहीचं काही ठाऊक नव्हतं. तिने वाचून दाखवली. कारखान्यात प्रत्येक बॅचची नोंद असते ना, तशी. बॅच एकशे चार, 'म्हणाले, खजूर जास्त झाला, दाताला बसतो.' बॅच एकशे नव्वद, 'म्हणाले, तीळ आज खमंग भाजले होते, वरच्या मजल्यावर वास गेला.' बॅच तीनशे बारा, 'म्हणाले, गाजर पातळ कापलंस ते बरं केलंस, हात थरथरत होता तरी खाता आलं.' ती बोटाने ओळ धरून वाचत होती. "बोलायचे नाहीत हो फार. प्रेमाचा शब्द म्हणाल तर एक नाही. पण खाऊन आले की हे एवढं सांगायचे. रोज. मन लावून खायचे म्हणून तर कळायचं. माझ्याशी अकरा वर्षं हेच बोलले ते."

आता तुम्हाला सांगायला हवं. रोज संध्याकाळी कपडे बदलताना दादा मला विचारायचा, "लवकर सांग, आज कसा होता? ती विचारेल." मी सांगायचो, तो दोनदा म्हणून पाठ करायचा. 'खजूर जास्त, तीळ खमंग. खजूर जास्त, तीळ खमंग.' आणि घरी जायचा.

ते सगळं मी म्हणालो होतो. हात माझा थरथरत होता त्या दिवशी, ताप होता मला.

मी तोंड उघडलं. तीन वाक्यं होती. एकही येईना. कढईवाल्याने मला कोपर मारलं. मग त्याने वहीकडे बघितलं. मग माझ्याकडे. तो काही शिकलेला माणूस नाही, पण कुठला बटाटा आतून कच्चा आहे हे बाहेरून ओळखण्यात त्याचं आयुष्य गेलंय. त्याचं कोपर खाली गेलं.

वहिनी त्याच्याकडे वळली. "आणि तू कशाला आलास? त्या दिवशी 'हा' म्हणून कुणाकडे बोट केलंस? काय सांगत होतास?"

त्याने तव्यावर तडतडणाऱ्या तिळांकडे बघितलं.

"तेच," तो म्हणाला, "हा मला मारणार, अथं थांगत होतो."

"आणि माझ्या नवऱ्याला कधी बघितलं नाहीस म्हणालास ते?"

"खोटं बोललो, बाई. घाबरलो. मीच द्यायचो. डबा खाऊन वर एखादी पुडी न्यायचे. मीच द्यायला नको होती."

पहिला फटका खांद्यावर. दुसरा त्याच जागी. त्याने हात वर केला नाही. तिसऱ्याला त्याच्या कानामागून रक्त आलं, तरी नाही. चौथ्याला उलथनं वर गेलं आणि वरच राहिलं, आणि ती तशीच, हात वर धरून, किती तरी वेळ. मग तीळ करपल्याचा वास आला. तिने तवा उतरवला, उलथनं धुतलं. ताज्या वड्यांचा एक डबा भरला, लेबल लावलं आणि त्याच्या पुढ्यात आदळला. "खा. तेलाच्या धुरात उभं राहून तूही मरशील एक दिवस. दहा तास टिकतं."

आम्ही जिन्यावर येऊन बसलो. त्याचा कान मी रुमालाने दाबून धरलेला. त्याने एका बाजूच्या दातांनी वडी फोडली, बराच वेळ चावली.

"मीठ विथरली आहे रे ती," म्हणाला.

मीही तुकडा मोडून बघितला. विसरली होती. नोंद घेण्यासारखी गोष्ट. वरून तिने हाक मारली, "भाऊजी, कशी झालीय?" मी म्हणालो, "छान."

"थांगणार आहेथ कधी?" त्याने विचारलं.

दोन महिने झाले. अजून सांगितलेलं नाही. मिठाचंसुद्धा.